मदत हवी आहे: धरणफुटीच्या सिम्युलेशनमध्ये भिंतीवरील दाब स्थिर होत नाही

नमस्कार. ड्युअलएसपीएचफिजिक्समध्ये (पाण्याला असंख्य कणांचा समूह मानून त्याचा प्रवाह संगणकावर काढणारे सॉफ्टवेअर) मी टाकीतील धरणफुटीचा त्रिमितीय नमुना चालवत आहे. पाण्याच्या स्तंभाची उंची ०.३ मीटर आणि कणांमधील अंतर ५ मिलिमीटर आहे. लोंढा अपेक्षेप्रमाणे पुढे धावतो, मात्र समोरच्या भिंतीवरील दाब सतत वरखाली होतो आणि भिंत व पाणी यांच्यात फट राहते, जी प्रत्यक्षात असूच शकत नाही. घनतेतील बदल १ टक्क्याच्या आत राहावा म्हणून गणनेपुरता मानलेला पाण्यातील ध्वनीचा वेग कमाल प्रवाहवेगाच्या १० पट धरला आहे. आता भिंतीची सीमा-अट (भिंतीजवळ पाण्याचे कण कसे वागावेत याचा नियम) बदलावी, की कणांमधील अंतर निम्मे करावे? दुसऱ्या उपायाने कणांची संख्या ८ पट होईल, म्हणून आधी जाणकारांचे मत हवे आहे. दाबमापनाचा बिंदू भिंतीपासून किती अंतरावर ठेवावा, हेही कृपया सांगावे.