रविवारची मॅच आणि खालचा थर

गुरुवार

सावंत काका ए-१०२ (रा. ९:१४): सर्वांना नमस्कार. दहीहंडीला नऊ दिवस राहिलेत. आज सरावाला खालच्या थराची अर्धी पोरं गायब. चौकशी केली तर म्हणे "काका, रविवारी रग्बी कपची मॅच आहे, कोच म्हणाले खांद्यावर कोणाला घेऊ नका." खांदे कोणाचे? मंडळाचे ना? रोहन, उत्तर दे.

मनीष बी-४०३: खांदे आईबापाचे, काका. मंडळाकडे सिझनपुरते भाड्याने 😄

सावंत काका ए-१०२: मनीष, आधी वर्गणी दे, मग बोल.

कुलकर्णी सी-७०१: नम्र विनंती. सांस्कृतिक निधीतून रग्बीवाल्यांना १५,००० रुपये कोणाच्या परवानगीने दिले? कृपया खुलासा व्हावा.

रोहन बी-२०१: काका, मागच्या रविवारी तुमच्या कानावर घातलं होतं. तुम्ही डीजेवाल्याशी भाव करत होतात. आम्ही पाच जण क्लबात फॉरवर्ड आहोत, स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही टीमचे फॉरवर्ड डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात तेव्हा, सगळा जोर मानेवर आणि खांद्यावर येतो. दोन दिवस सुट्टी द्या, सोमवारपासून रोज साडेआठला हजर.

सावंत काका ए-१०२: सोमवारी हजर, पण कशावर? वॉकरवर?

शिल्पा वहिनी बी-३०४: रोहन, समोर कोण आहे मॅचला? निखिल घरी धड सांगत नाही. "आहे एक टीम" म्हणतो आणि दार लावून घेतो.

रोहन बी-२०१: फौजेतली टीम आहे काकू.

शिल्पा वहिनी बी-३०४: म्हणजे नोकरीच ती करणारी पोरं? आणि आमचा दिवसभर लॅपटॉपसमोर बसून संध्याकाळी खेळणार?

मनीष बी-४०३: वर्क फ्रॉम होम विरुद्ध वर्क फ्रॉम बॉर्डर.

शिल्पा वहिनी बी-३०४: मनीष, मला हसू येत नाहीये.

देशपांडे सर ए-५०२: माझ्या माहितीप्रमाणे थोडे लिहितो. रग्बी आपल्याकडे नवीन नाही. कलकत्त्यात १८७२ च्या नाताळात सामना झाला, लगेच १८७३ मध्ये क्लब निघाला. काही वर्षांत क्लबातली फुकट दारू बंद झाली आणि मेंबर पांगले असे सांगतात. तेव्हा बँकेत उरलेले चांदीचे रुपये काढून, वितळवून त्याचा कप केला. तीन कान, तिन्ही नागाचे, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्याच कलकत्ता कपसाठी खेळतात.

मनीष बी-४०३: कुलकर्णी साहेब, आपला निधी वितळवला तर निदान चमचा होईल का?

कुलकर्णी सी-७०१: विषयांतर नको. सांस्कृतिक निधीतून रग्बीवाल्यांना १५,००० रुपये कोणाच्या परवानगीने दिले? कृपया खुलासा व्हावा.

पाटील (सेक्रेटरी): कुलकर्णी साहेब, जूनच्या मीटिंगमध्ये विषय झाला होता. आपण वडा संपल्यावर निघालात.

कुलकर्णी सी-७०१: इतिवृत्तात नोंद दाखवा.

नायर आंटी सी-३०२: पांढरी गाडी कोणाची आहे गेटसमोर? दुधवाल्याला सकाळी आत येता आलं नाही.

मनीष बी-४०३: फौजेची असेल, मैदान पाहायला आली.

अदिती ए-३०१: एवढं घाबरायचं काही नाही हो वहिनी. १९९५ च्या वर्ल्ड कपला न्यूझीलंडने जपानला १४५-१७ असं धुतलं होतं. त्याच जपानने २०१५ मध्ये साउथ आफ्रिकेला ३४-३२ हरवलं, शेवटच्या मिनिटाला.

शिल्पा वहिनी बी-३०४: मध्ये वीस वर्षं गेली अदिती. मला या रविवारचं विचारायचंय.

डॉ. प्रज्ञा सी-१०१: वहिनी, दोन गोष्टी लक्षात ठेवा, बाकी सोडा. खांद्याच्या वर टॅकल केलं, म्हणजे मान किंवा डोकं धरून पाडलं, तर फाऊल असतं, कार्डसुद्धा दाखवतात. आणि डोक्याला मार बसून गरगरलं, कोणता हाफ चाललाय ते आठवेना, तर खेळाडूला लगेच बाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत उतरवायचं नाही. रोहन, हे तुमच्या कोचना सांगायची गरज नसावी, पण निखिलला नक्की सांग. तो "मी बरा आहे" म्हणणाऱ्यातला आहे.

रोहन बी-२०१: हो ताई. आणि माउथगार्डशिवाय कोणी उतरणार नाही.

सावंत काका ए-१०२: गोविंदांना सरकारने विमा दिला. २०२२ ला दहीहंडीला साहसी खेळ म्हणून मान्यता दिली. यांच्या डोक्यावर कोण?

मनीष बी-४०३: कुलकर्णी साहेबांचे १५,०००.

कुलकर्णी सी-७०१: माझे नाहीत, सोसायटीचे आहेत. मुद्दा तोच आहे.

सावंत काका ए-१०२: जोगेश्वरीच्या कोकण नगर पथकाने २०२५ ला दहा थर लावले. आपण पाचाला रडतोय. मी कोणाला नावं ठेवत नाही, पण प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावं.

पवार काका बी-६०१: हा मेसेज डिलीट केला आहे

मनीष बी-४०३: पवार काका, वाचला सगळ्यांनी 🙏

शुक्रवार

नायर आंटी सी-३०२: सुप्रभात 🌸 पांढरी गाडी अजून तिथेच आहे.

शिल्पा वहिनी बी-३०४: मला एक समजत नाही. हरणार हे सगळ्यांना माहीत आहे तर खेळायचंच कशाला? फोन करून सांगायचं, येत नाही म्हणून.

रोहन बी-२०१: काकू, आमचा क्लब लहान आहे. आमच्यातल्या अर्ध्यांनी कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा तो लांबट बॉल हातात धरला. ते रोज सकाळी पळतात, आम्ही आठवड्यातून तीनदा जमतो, तेही लोकल वेळेवर आली तर. पण मोठ्या टीमशी मॅच कपमध्येच मिळते. आपापसात खेळून आम्ही आहोत तिथेच राहू.

देशपांडे सर ए-५०२: हा खेळ पावसाळ्यातच का, असे कोणी विचारले होते. मुंबईत एरवी मैदान दगडासारखे असते, पडलात की सोलून निघता. पावसात माती मऊ होते.

मनीष बी-४०३: कोणीच विचारलं नव्हतं सर 😄

देशपांडे सर ए-५०२: तुम्ही विचारायला हवे होते.

सावंत काका ए-१०२: मी रविवारी जाणार आहे. मॅच बघायला नाही. पोरं किती धडधाकट परत येतात ते मोजायला.

पाटील (सेक्रेटरी): मेगाब्लॉक आहे, भांडुपहून दीडलाच निघा.

रविवार

अदिती ए-३०१ (दु. ४:२०): सुरू झाली. पाऊस तुफान. सीएसएमटीला उतरून चालत येईपर्यंत छत्रीची काडी मोडली. निखिलच्या कानांवरून काळी टेप गुंडाळलीय, ओळखूच येत नाही.

शिल्पा वहिनी बी-३०४: मी टॅक्सीत आहे. सांगत राहा.

अदिती ए-३०१ (४:२९): १२-०. त्यांचे.

अदिती ए-३०१ (४:५०): २४-०. त्यांचा एक जण पळतो म्हणजे काय, आपल्या पोरांच्या फक्त पाठी दिसतायत. निखिलने एकाला कमरेत धरून आडवा केला, टाळ्या पडल्या.

शिल्पा वहिनी बी-३०४: उठला का?

अदिती ए-३०१: दोघंही उठले. हात मिळवला.

अदिती ए-३०१ (५:०१): हाफ टाइम. ३१-०.

कुलकर्णी सी-७०१: यासाठी १५,०००.

पाटील (सेक्रेटरी): कुलकर्णी साहेब, आज तरी थांबा.

अदिती ए-३०१ (५:२२): ४३-०. त्यांच्या एकाला पिवळं कार्ड, दहा मिनिटं बाहेर. आपले पंधरा, त्यांचे चौदा.

सावंत काका ए-१०२ (५:२७): अरे ट्राय झाला!!! ऐका. बॉल बाहेर गेला, लाइनआउट, म्हणजे तो परत आत फेकतात. दोघांनी मांडीला धरून रोहनला वर उचलला, बॉल घेऊन खाली आला. लगेच आपली सगळी पोरं त्याला बिलगली, डोकी खाली, एकमेकांच्या बगलेत हात, कोणाचा पाय कोणाचा कळेना. आणि तसेच्या तसे ढकलत, चिखलातून इंच इंच, समोरची आठ जण रेटतायत तरी, रेषेपलीकडे नेऊन बॉल टेकवला. हा आपला खालचा थरच आडवा चालला होता हो! पाच पॉइंट.

मनीष बी-४०३: काका, तुम्ही मोजायला गेला होतात ना?

सावंत काका ए-१०२: मोजतोय. पंधरा आहेत. गप बस.

शिल्पा वहिनी बी-३०४ (५:२९): पोहोचले. निखिलच्या नाकातून रक्त येतंय.

डॉ. प्रज्ञा सी-१०१: नुसतं नाक असेल तर बाहेर घेऊन रक्त थांबवतील आणि परत सोडतील. तुम्ही धावत आत जाऊ नका.

शिल्पा वहिनी बी-३०४: गेले होते. एका माणसाने नम्रपणे परत आणून सोडलं.

अदिती ए-३०१ (५:४४): दुसरा ट्राय!! निखिल!! नाकात कापूस घालून! वर दोन पॉइंटची किकही गेली. १२.

अदिती ए-३०१ (५:५६): संपली. ५७-१२. फौजवाल्यांनी दोन रांगा करून टाळ्या वाजवत आपल्या पोरांना बाहेर सोडलं.

पवार काका बी-६०१: पंचेचाळीस पॉइंटनी हरलो तर.

सावंत काका ए-१०२: पवार, तुम्ही दुसऱ्या हाफला होतात का इथे? नाही ना? मग राहू द्या.

मनीष बी-४०३: वहिनी कुठे आहेत?

अदिती ए-३०१: त्यांच्या कॅप्टनला साबुदाण्याचे वडे देतायत. त्याने तिसरा घेतला.

शिल्पा वहिनी बी-३०४ (रा. ९:३५): घरी पोहोचलो. नाक सुजलंय, हाड ठीक आहे, प्रज्ञाने पाहिलं. जेवण नीट झालं. मला अजूनही हा खेळ आवडत नाही, हे लिहून ठेवते. पण त्या ट्रायचा व्हिडिओ कोणाकडे असेल तर टाका, त्याच्या आजीला नाशिकला पाठवायचाय.

नायर आंटी सी-३०२: अभिनंदन मुलांनो. गाडी गेली.

कुलकर्णी सी-७०१: व्हिडिओ पाहिला. मुले चांगली खेळली. निधीचा विषय मात्र पुढील मीटिंगमध्ये क्र. १ वर घ्यावा.

पाटील (सेक्रेटरी): क्र. ४ वर घेतो. पहिले तीन लिफ्टचे आहेत.

रोहन बी-२०१: सगळ्यांना थँक्यू. एक सांगायचं होतं. कपमधून बाहेर पडलो तरी पहिल्या फेरीत हरलेल्या टीमची प्लेट म्हणून वेगळी स्पर्धा असते. पुढची मॅच रविवारी, हंडीच्या दुसऱ्या दिवशी. समोरची टीम आपल्याच तोडीची आहे, ही जिंकू शकतो. फक्त कोच म्हणतायत, शनिवारी पाचऐवजी चार थर लावता आले तर...

सावंत काका ए-१०२: कोचचा नंबर पाठव. मी बोलतो त्यांच्याशी. आणि उद्या साडेआठला सगळे खाली, निखिल सोडून.