‘मरगळ’, ‘वैफल्य’ की ‘भ्रमनिरास’?

प्रश्न:
सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात ‘मलेझ’ हा शब्द सारखा येतो. कोशात मरगळ, ग्लानी, अस्वास्थ्य असे अर्थ सापडतात. शीर्षक ‘मरगळीचे दशक’ चालेल का? आणि सत्तरचे म्हणावे की आठवे?

उत्तर:
‘मरगळ’ नको. मरगळ उन्हाने येते, तापातून उठल्यावर येते, आणि आपण ती झटकतो. अमेरिकेचे तेव्हाचे दुखणे झटकून जाणारे नव्हते. शिवाय ‘मलेझ’ हा शब्द तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या ज्या भाषणाला कायमचा चिकटला, त्या १५ जुलै १९७९ च्या भाषणात तो नाहीच! इराणमधल्या क्रांतीनंतर तेल आटले होते, पेट्रोलपंपांवर रांगा होत्या, काही राज्यांत सम-विषम क्रमांक पाहून पेट्रोल मिळत होते. कार्टर बोलले ते देशाच्या आत्मविश्वासाला गेलेल्या तड्याबद्दल. ‘मलेझ’ची चिठ्ठी इतरांनी डकवली. तेव्हा तो शब्द त्यांच्या तोंडी घालू नका, एवढी विनंती.

‘भ्रमनिरास’ नेमका बसतो. निरास म्हणजे दूर होणे. आधी भ्रम असावा लागतो. राष्ट्राध्यक्ष आपल्याशी खोटे बोलणार नाही, हा तो भ्रम. १७ जून १९७२ ला वॉशिंग्टनच्या वॉटरगेट संकुलात, विरोधी पक्षाच्या कार्यालयात घुसलेली माणसे पकडली गेली, पुढे ते प्रकरण दडपण्यात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचाच हात असल्याच्या ध्वनिफिती बाहेर आल्या, ९ ऑगस्ट १९७४ ला निक्सन पायउतार झाले आणि महिनाभरातच त्यांच्या जागी आलेल्या फोर्ड यांनी त्यांना माफी दिली. (त्या संकुलाच्या नावातला ‘गेट’ पुढे प्रत्ययच झाला. आपल्याकडे कोळसा घोटाळ्याचे ‘कोलगेट’ झाले ते तिथूनच.) एकदा गेलेला असा भ्रम परत येत नाही.

व्हिएतनामच्या परिच्छेदात मात्र ‘वैफल्य’ लिहा. त्या युद्धात ५८ हजारांवर अमेरिकी सैनिकांचे प्राण गेले आणि तरी ३० एप्रिल १९७५ ला अमेरिकेच्या बाजूच्या दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली. फळाविना गेले ते विफल.

‘स्टॅगफ्लेशन’ला ‘मंदीतली महागाई’ पुरे. मंदीत भाव उतरतात, असा समज होता. १९७३ मध्ये अरब देशांनी केलेल्या तेलबंदीनंतर भावही चढले आणि मे १९७५ मध्ये बेकारी ९ टक्क्यांवर गेली. दुष्काळात तेरावा महिना, हे आपल्या वाचकाला वेगळे समजवावे लागणार नाही.

१९७१ ते १९८० हे विसाव्या शतकाचे आठवे दशक, बोलण्यात सत्तरचे. ‘सातवे’ तेवढे लिहू नका, ते साठचे झाले.

आणखी एक मत:
वरचे सगळे पटले, पण भ्रम कोणाचा हेही पाहा. सरकारवरचा तो भाबडा विश्वास बहुतेक कृष्णवर्णीयांच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. बायकांचे तर याच वर्षांत वेगळे चालले होते. १९७२ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलींशी भेदभाव करायला मनाई झाली. १९७४ च्या कायद्याने, बाई आहे म्हणून कर्ज नाकारणे बेकायदा ठरले. त्या प्रकरणाला ‘भ्रमनिरास’ हे नाव देऊ नका, तिथे सरळ ‘हक्क’ लिहा.

प्रश्नकर्ती:
शीर्षक ‘भ्रमनिरासाचे दशक’ ठेवते, आणि बायकांचा भाग वेगळ्या मथळ्याखाली काढते. ‘मरगळ’ सगळीकडून खोडली.