मदत हवी आहे: मोजके पैसे घेऊन एकटीने फिरताना सहप्रवाशांशी मैत्री कशी जमवायची? (हंपी–गोकर्ण)

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघते. आमच्याकडे उन्हाळाभर मान वर करायला फुरसत नसते. शाळा सुरू होऊन उधारी वसूल झाली की मगच सुट्टीचं नाव काढता येतं. म्हणून दिवाळीनंतर पंधरवडाभर एकटीने निघायचं ठरवलंय. विजयपूर, बागलकोट, गदग करत रेल्वेने होसपेट, तिथून हंपी, मग हुबळीवरून गोकर्ण, आणि पैसे उरले तर कोची. गाडीभाडं, राहणं, खाणं सगळं धरून बारा हजार. त्यावर रुपया नाही, कारण बाकीचा पगार घरी लागतो आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

स्वस्तात कसं राहायचं, काय खायचं, हे मला येतं. माझा प्रश्न माणसांचा आहे.

मागच्या हिवाळ्यात हंपीला नदीपलीकडे सणापूरच्या बाजूला एका हॉस्टेलवर राहिले होते. डॉर्ममध्ये, म्हणजे अनेक खाटांच्या एकत्र खोलीत, इंदूरची एक मुलगी होती, केरळचे दोघं भाऊ होते, दिल्लीहून नोकरी सोडून निघालेला एक जण होता. दुपारभर अंगणात बसून आम्ही इतकं बोललो की मला वाटलं, झाली ओळख. संध्याकाळी सगळे एका कॅफेत जायला निघाले. तिथे एका ताटाला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात माझं दिवसभराचं खाणं होतं. मी थांबले. रात्री ते परत आले तेव्हा त्यांचा एक घोळका तयार झाला होता, दुसऱ्या दिवसाच्या भाड्याच्या स्कूटर ठरल्या होत्या आणि दोघांना एक अशी विभागणीही झाली होती. कुणी मुद्दाम मला वगळलं नव्हतं, माणसं चांगलीच होती. पण ओळखीची मैत्री होते ती जेवणाच्या टेबलावर आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर, आणि दोन्ही ठिकाणी पैसे लागतात.

गावातल्या लोकांशी माझं लगेच जमतं. आमच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, शाळा मराठी. सोलापुरात हे नवीन नाही. होसपेटच्या बसमध्ये कंडक्टरशी कन्नडमध्ये बोलले तर त्यांनी कुठे उतरायचं, कुठली खानावळ चांगली, सगळं सांगितलं. पण माझ्याच वयाची, माझ्यासारखीच पाठीवर पिशवी घेऊन निघालेली मुलं-मुली भेटतात, तिथे गाडी अडते.

एकटं फिरणं मला मनापासून आवडतं. तरी विठ्ठल मंदिरातला दगडी रथ बघितल्यावर "बघितलंस का गं?" म्हणायला कुणीतरी शेजारी असावं असं वाटतंच. शिवाय इथे गल्लीत आणि कारखान्यात मी कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी बहीण आहे. प्रवासात भेटलेल्या माणसाला मी नुसती मी म्हणून भेटते, हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणून विचारते आहे.

पैसे नाहीत हे सांगायचं कसं आणि कधी? सांगितल्यावर लोक "चल, मी भरतो" म्हणतात, ते मला नको असतं. रिक्षा वाटून घ्यायला अनोळखी माणसाला कसं विचारता? मोकळेपणाने बोलणारा मुलगा आणि गळ्यात पडणारा मुलगा यांतला फरक तुम्ही बायका कसा ओळखता? आणि परत आल्यावर या ओळखी टिकतात का?

माझ्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असणारच आहे, आई त्याशिवाय सोडत नाही. त्याचा काही उपयोग होईल का, तेही सांगा.

---

प्रतिसाद

मीही सोलापूरचाच, सध्या पुण्यात. सुट्टी मिळाली की असाच फिरतो, त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी नीट कळला.

माझ्या अनुभवात एक गोष्ट पक्की आहे: जो बेत मांडतो तो खर्च ठरवतो. दुसऱ्याने कॅफे म्हटल्यावर तुमच्या हातात फक्त हो किंवा नाही उरतं. म्हणून संध्याकाळ व्हायची वाट बघू नका. दुपारच्या गप्पांतच म्हणा, "मी उद्या पहाटे मातंग टेकडीवर सूर्योदय बघायला जाणार आहे, कोण येतंय?" त्याला तिकीट नाही. अंधारात चढायला सोबत सगळ्यांनाच हवी असते, त्यामुळे दोघं-तिघं तरी येतातच. वर पोचल्यावर उजाडेपर्यंत बोलत बसण्याशिवाय दुसरं काम नसतं.

नदीपलीकडे राहणार असाल तर एक लक्षात ठेवा. तुंगभद्रेतली होडी अंधार पडायच्या आत बंद होते. हेमकूट टेकडीवर सूर्यास्ताला रमलात तर पुलावरून लांबचा फेरा पडतो आणि रिक्षावाला सांगेल तो आकडा द्यावा लागतो. पहाटेही होडी नसते, म्हणून मातंगसाठी एक मुक्काम हंपी गावातच ठेवा. पलीकडे असाल त्या संध्याकाळी अंजनाद्रीवर चढा. पायऱ्या पाचशेच्या वर आहेत, पण खालची भातशेती, केळीच्या बागा आणि मोठाले धोंडे बघून पाय दुखत असल्याचं विसरायला होतं. तेही फुकट.

पैशांचं म्हणाल तर पहिल्याच दिवशी, कुठलाही बेत ठरायच्या आधी, सहज सांगून टाकावं: "माझं रोजचं बजेट ठरलेलं आहे. चहाला येईन, जेवायला नाही." ऐन निघताना सांगितलं की समोरच्याला अवघडल्यासारखं होतं आणि मग तो "मी भरतो" म्हणतो. आधी सांगितलं की ती फक्त माहिती असते. बऱ्याचदा ते ऐकून अजून एक जण हळूच म्हणतो, माझंही तसंच आहे. मला मिळालेले चांगले मित्र याच वाक्यावर मिळालेत.

रिक्षासाठी होसपेट स्टेशनबाहेर पिशवी पाठीवर असलेला कुणीही चालेल. "हंपी? वाटून घेऊ या?" एवढं पुरतं. भाडं आधी ठरवा आणि उतरल्या उतरल्या आपला वाटा यूपीआयने देऊन टाका. हिशेब रात्रीवर ठेवला की त्यात कुणीतरी अवघडतं.

---

प्रतिसाद

ताई, मुलाचं ओळखायचं कसं, त्याबद्दल लिहिते. मी एक छोटा "नाही" म्हणून बघते. "नको, मी चालतच जाते." "नको, फोटो नको." ज्याला ते एकदा सांगून पुरतं तो ठीक. जो हसत हसत तीनदा आग्रह करतो, त्याच्याबरोबर मी पुढे कुठेही जात नाही, मग तो कितीही गोड बोलो. चुकून चांगला माणूस सुटला तरी चालेल.

डॉर्म बायकांचंच घ्या, थोडे जास्त पडले तरी. उद्या कुठे मुक्काम आहे हे पहिल्या दिवशी कुणाला सांगू नका. नवीन माणसाबरोबर पहिलं फिरणं दिवसाउजेडी, माणसं असतील तिथे. घरच्या एकाला लाइव्ह लोकेशन द्या. मदतीचे नंबर, ११२ आणि रेल्वेचा १३९, फोनमध्ये वरच ठेवा. उसने पैसे देऊ नका आणि घेऊही नका. तुमच्या बजेटला तर ते अजिबात परवडणार नाही.

गोकर्णात ओळखी आपोआप होतात. कुडले, ओम, हाफ मून, पॅराडाइज अशी किनाऱ्या-किनाऱ्याने पायवाट आहे. मध्ये खडक आणि झाडी आहे, म्हणून लोक एकमेकांसाठी थांबतात. सकाळी लवकर निघा, पाणी जास्त घ्या. वाटेत ज्याचं पाणी संपलेलं असतं त्याच्याशी बोलायला विषय शोधावा लागत नाही.

आणि कर्नाटकातल्या शक्ती योजनेचा फुकट बसप्रवास तिथल्या रहिवासी महिलांनाच आहे. आपल्याला तिकीट काढावंच लागतं, ते बजेटमध्ये धरा.

---

प्रतिसाद

पोरी, मी निवृत्त माणूस. हॉस्टेलं वगैरे मला ठाऊक नाहीत, पण पंढरीच्या वारीत वर्षानुवर्षं चाललोय. तिथे खिशात किती आहेत हे कुणी विचारत नाही, आणि तरी जिवाभावाची माणसं मिळतात. का, तर दिंडीत काम वाटून घेतलेलं असतं. राहुटीचे खुंटे एकाने धरायचे, दुसऱ्याने ठोकायचे. भाजी निवडायला दहा जण गोल करून बसतात आणि मेथीची जुडी संपेपर्यंत कोण कुठल्या गावचा, कुणाचा मुलगा कुठे असतो, सगळं कळलेलं असतं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस लांबून "माऊली!" म्हणून हाक मारतो.

म्हणून तुला सांगतो, जिथे हाताला काम असेल तिथे जाऊन बस. हॉस्टेलात स्वयंपाकघर असेल तर तिथेच थांब, कांदा चिरायला घे. बीदरचा नानक झिरा गुरुद्वारा आपल्या सोलापूरपासून काही फार लांब नाही. पुढच्या वेळी तिकडे जा, लंगर आहे. जेवण झाल्यावर सेवेला बस, भांडी घासायला किंवा रोट्या लाटायला. देशभरातली माणसं तिथे मांडीला मांडी लावून बसलेली असतात.

भाकरीचं विचारलंस. रेल्वेत अनोळखी माणसाला खायला देऊ नकोस, लोक धास्तावतात आणि त्यांचं बरोबरच आहे. मुक्कामी मात्र सगळ्यांसमोर डबा उघड. आपली कडक भाकरी पापडासारखी कट्‌कन मोडते, त्या आवाजानेच लोक वळून बघतात. चटणीला तेल सुटलेलं असलं की वरून काही लागत नाही. आईला म्हणावं, चटणी जरा कमी तिखट कर, केरळच्या पोरांना झेपायची नाही.

---

धागाकर्तीचं उत्तर

काका, दादा, ताई, मनापासून आभार. काका, मेथीच्या जुडीचं वाचून आईलाही वाचून दाखवलं. ती एकटीने जाण्यावरून धास्तावलेलीच होती, पण आता चटणी दुप्पट देते म्हणाली.

बेत आपणच आधी मांडायचा, हे मला पटलं. हंपीत पहिले दोन मुक्काम अलीकडे गावात, मग पलीकडे, असं बदललंय. पहाटे मातंग, पलीकडे गेल्यावर संध्याकाळी अंजनाद्री, आणि डबा स्वयंपाकघरात उघडायचा. जेवणाचं बजेट पहिल्याच गप्पांत सांगणार. बायकांच्या डॉर्मसाठी कोचीचे पैसे थोडे तिकडे वळवते. कोची राहिली तर राहिली.

ओळखी टिकवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून तेवढं पुन्हा विचारते. परत आल्यावर चार दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर गप्पा होतात आणि मग नुसत्या सणांच्या शुभेच्छा उरतात. तुमच्यापैकी कुणाची प्रवासातली मैत्री वर्षानुवर्षं टिकली आहे का? पुन्हा भेटलात का, कुणी पुढाकार घेतला, एकमेकांच्या घरी गेलात का? जानेवारीत आमच्याकडे सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा असते. नव्या मैत्रिणींना त्या वेळी घरी बोलवावं असं मनात आहे. आमचं घर दोन खोल्यांचं आहे. असं कुणी कुणाला बोलावलं असेल तर कसं जमवलंत, ते जरूर लिहा.