प्रति: जमिनीची फिरकी मोजून काय मिळतं?

"तीन दिशांची हालचाल नोंदवणारे भूकंपमापक असताना जमिनीची फिरकी वेगळी कशाला मोजायची?" असं वर विचारलंय. माझ्या मते खरा फायदा लहरींचा वेग कळण्याचा आहे. एरवी लव्ह लहरींचा (भूकंपात पृष्ठभागालगत जाणाऱ्या, जमीन डावी-उजवीकडे हलवणाऱ्या लहरींचा) वेग काढायला दूरवर पसरलेली अनेक भूकंपमापन केंद्रं लागतात. पण लहरीच्या दिशेला आडवं असलेलं त्वरण आणि उभ्या अक्षाभोवतीच्या फिरकीचा दर एकाच जागी मोजला, की त्यांचं गुणोत्तर लहरीच्या वेगाच्या दुप्पट येतं (लहर सपाट धरली तर). हेच वेगवेगळ्या आवर्तनकाळांसाठी (एका हेलकाव्याला लागणाऱ्या वेळांसाठी) केलं की कुठल्या खोलीवर खडक कसा आहे याचा अंदाज बांधता येतो, कारण लांब आवर्तनकाळाच्या लहरी जास्त खोलवरचं 'चाचपतात'. समुद्रतळ किंवा परग्रहावर, जिथे एकच उपकरण ठेवणं कसंबसं जमतं, तिथे ही मोठीच सोय.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही. जर्मनीत वेट्झेलला ४ मीटर बाजूचा चौकोनी रिंग लेझर (बंद वाटेवर उलटसुलट फिरणाऱ्या लेझर किरणांवरून फिरकी मोजणारं उपकरण) आहे. २०११ च्या तोहोकू भूकंपानंतर अख्ख्या पृथ्वीची पिळाची कंपनं त्याने थेट टिपली. गोची आहे ती संवेदनशीलतेची. फिरकी इतकी सूक्ष्म असते की सुटसुटीत फायबर-ऑप्टिक जायरोंना (प्रकाशतंतू वापरून फिरकी मोजणाऱ्या छोट्या उपकरणांना) दूरचे लहान भूकंप दिसतच नाहीत.