मदत हवी आहे: पोस्टग्रेसमध्ये रो लेव्हल सिक्युरिटी लावूनही दुसऱ्या केंद्राच्या नोंदी दिसताहेत

धागाकर्ती:

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तर देणाऱ्यांचाच वेळ जाईल, म्हणून सगळं मांडते.

आमची संस्था घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या महिलांसाठी समुपदेशन केंद्रं चालवते. केंद्रं पाच, डेटाबेस एकच, पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरवर चालणारा. मी काम हातात घेतलं तेव्हा सगळे मिळून एकच लॉगिन वापरायचे आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असायचा. ते मी सगळ्यात आधी बंद केलं. आता प्रत्येक समुपदेशकाला स्वतःचं लॉगिन आहे, ती सगळी लॉगिनं 'समुपदेशक' या ग्रुप रोलमध्ये (एकत्र परवानग्या देण्यासाठीच्या गटात; प्रत्येक लॉगिनही रोलच असतं) आहेत, आणि कोण कोणत्या केंद्राचं हे एका छोट्या टेबलात लिहिलेलं आहे. 'केसेस' आणि 'व्यक्ती' या टेबलांवर रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात ते ठरवणारी सोय) चालू करून पॉलिसी, म्हणजे तिचा नियम, लावली: करंट यूजर ज्या केंद्राचा, त्याच केंद्राच्या ओळी दिसाव्यात. व्हर्जन १६ आहे, आधी १३ होतं, ते अपग्रेड केलं.

मागच्या आठवड्यात एका समुपदेशक ताईंचा फोन आला. "अहो, मी मोबाईल नंबर टाकून शोधलं तर एक बाई सापडल्या, पण त्या आपल्या केंद्राच्या नाहीत. पत्तासुद्धा दिसतोय. मला हे दिसायला नको ना?" त्यांनी स्वतःहून सांगितलं म्हणून कळलं. ज्या बाईंचा पत्ता दिसला त्या सासरच्यांपासून लपून राहताहेत. तो पत्ता चुकीच्या माणसापर्यंत पोचला तर काय होईल या विचाराने माझी झोप उडाली आहे.

तपासलं ते असं. सेट रोल करून, म्हणजे त्या ताईंची ओळख घेऊन, त्यांच्या रोलने 'केसेस' टेबल वाचलं तर ४१ ओळी येतात, म्हणजे बरोबर त्यांच्या केंद्राच्या. शोधाचं पान मात्र 'केस_शोध' नावाच्या व्ह्यूमधून (टेबलासारखी वाचता येणारी, साठवून ठेवलेली क्वेरी) वाचतं, आणि तिथे त्याच रोलला २०७ येतात, म्हणजे सगळ्या केंद्रांच्या. दोन्ही टेबलांवर फोर्स रो लेव्हल सिक्युरिटी लावून पाहिलं, काही फरक नाही. टेस्ट सर्व्हरवर समुपदेशक रोलकडून टेबलांचा सिलेक्ट (वाचायचा अधिकार) पूर्ण काढून घेतला, तरी व्ह्यू चालतोच! इथे माझी मती गुंग झाली.

काय चुकतंय? आणि आतापर्यंत कोणी काय पाहिलं हे शोधता येईल का?

जाता जाता आणखी एक. 'अहवाल' रोलला सगळ्या टेबलांवर वाचायची परवानगी दिली होती, तरी नवीन टेबल आलं की दर वेळी 'परमिशन डिनाइड' येतं. डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस (पुढे बनणाऱ्या टेबलांच्या परवानग्या) सेट केले आहेत.

प्रतिसाद १:

ताई, कारण नंतर बघू. आधी 'केस_शोध'वरचा समुपदेशक रोलचा सिलेक्ट रिव्होक करा, म्हणजे काढून घ्या. शोध एक-दोन दिवस बंद राहिला तर चालेल, पत्ता दिसत राहिलेला चालणार नाही. आणि रिव्होक केल्यावर त्या रोलने वाचून बघाच. पोस्टग्रेसमध्ये 'नकार' अशी वेगळी परवानगी नसते, सगळीकडून मिळालेल्या परवानग्यांची बेरीज होते. व्ह्यू कधीकाळी 'पब्लिक'ला, म्हणजे सगळ्यांना, दिला असेल तर एका रोलकडून काढून घेऊन काही होत नाही.

ते झालं की सांगा: व्ह्यूचा ओनर कोण आहे? पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या कमांड लाइनमध्ये) बॅकस्लॅश डीव्ही दिलं की दिसेल.

धागाकर्ती:

लगेच काढला. वाचून पाहिलं, आता नकार येतो. सर्व केंद्रांना शोध बंद असल्याचं कळवलं.

ओनर 'पोस्टग्रेस' नावाचा सुपरयूजर, म्हणजे सगळे अधिकार असलेला रोल, आहे. टेबलं मायग्रेशनच्या (टेबलांची रचना करणाऱ्या स्क्रिप्टच्या) रोलची आहेत, पण हा व्ह्यू घाईत मीच सुपरयूजर लॉगिनने हाताने बनवला होता.

प्रतिसाद १:

मग तिथेच आहे सगळं. साधा व्ह्यू आतली टेबलं वाचतो ते वाचणाऱ्याच्या अधिकाराने नाही, ओनरच्या अधिकाराने. म्हणून समुपदेशकाकडून टेबलाचा सिलेक्ट काढला तरी व्ह्यू चालला: टेबलाच्या दारात त्याची ओळख कोणी विचारलीच नाही. पॉलिसीचंही तसंच. व्ह्यूमधून जाताना कोणती पॉलिसी लागू करायची हे व्ह्यूच्या ओनरवरून ठरतं, आणि तुमचा ओनर सुपरयूजर. सुपरयूजरला रो लेव्हल सिक्युरिटी कधीच लागू होत नाही. फोर्स फक्त टेबलाच्या ओनरला पॉलिसीखाली आणतो, सुपरयूजर आणि बायपास आरएलएस (रो लेव्हल सिक्युरिटी ओलांडायची मुभा) असलेले रोल त्यातूनही सुटतात.

तुमच्या व्हर्जनमध्ये उपाय सोपा आहे. व्हर्जन १५ पासून, म्हणजे २०२२ पासून, व्ह्यूवर सिक्युरिटी इन्व्होकर चालू करता येतं: आल्टर व्ह्यू केस_शोध सेट, कंसात सिक्युरिटी_इन्व्होकर बरोबर ट्रू. मग आतली टेबलं वाचणाऱ्याच्या अधिकाराने वाचली जातात आणि पॉलिसीही त्याचीच लागते. व्ह्यूच्या आत दुसरा व्ह्यू असेल तर त्यालाही लावा, नाहीतर आतला व्ह्यू आपल्या ओनरच्या अधिकारानेच वाचत राहील.

मटेरियलाइज्ड व्ह्यू असतील तर ते या उपायाने सुटत नाहीत. त्यात ओळींची प्रत साठवलेली असते आणि तिथे पॉलिसी लावताच येत नाही. सिक्युरिटी डिफायनर लावलेली फंक्शनंही (डेटाबेसमधले छोटे प्रोग्राम) अशीच ओनरच्या अधिकाराने चालतात. दोन्हींची यादी काढून एकेक तपासा. हे कंटाळवाणं काम आहे पण टाळू नका, माझ्या अनुभवात दुसरी गळती नेहमी अशाच कोपऱ्यात सापडते.

प्रतिसाद २:

नवीन टेबलांचं मी सांगतो. 'ऑल टेबल्स इन स्कीमा'वरचा (स्कीमा म्हणजे टेबलांचा गट) ग्रँट, म्हणजे दिलेली परवानगी, त्या क्षणी जी टेबलं आहेत त्यांनाच लागतो, उद्याच्या टेबलांना नाही. त्यासाठी आल्टर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस आहे, पण 'फॉर रोल' न लिहिता चालवलं तर ते फक्त चालवणाऱ्या रोलने बनवलेल्या टेबलांना लागू होतं. तुम्ही ते सुपरयूजर म्हणून चालवलं असणार आणि टेबलं बनवतो मायग्रेशनचा रोल. 'फॉर रोल' लिहून त्या रोलचं नाव द्या.

पण ताई, खरंच द्यायचं का ते ठरवा. अहवाल करणाऱ्याला प्रत्येक नवीन टेबल आपोआप दिसणं तुमच्या कामात मला धोक्याचं वाटतं. उद्या कोणी 'निवारा_पत्ते' असं टेबल बनवलं तर तेही आपोआप उघडं पडेल. मी असतो तर 'अहवाल' नावाची वेगळी स्कीमा केली असती, तिच्यात फक्त आकडेवारीचे व्ह्यू ठेवले असते आणि त्या रोलला मूळ टेबलांपाशी फिरकूच दिलं नसतं. दर वेळी येणारा तो एरर तुम्हाला अडचण वाटतोय, पण आजवर त्याने राखणच केली आहे.

आणि १३ वरून आलात ना? १५ पासून नवीन डेटाबेसमध्ये 'पब्लिक' स्कीमात कोणालाही टेबल बनवता येत नाही, पण अपग्रेड केलेल्या जुन्या डेटाबेसमध्ये जुनीच परवानगी टिकून राहते. क्रिएटचा अधिकार हाताने रिव्होक करा.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. सिक्युरिटी इन्व्होकर लावलं, काढलेला सिलेक्ट परत दिला आणि त्या ताईंच्या रोलने व्ह्यू वाचला. ४१! मघाशी तोच आकडा २०७ होता. हात थरथरत होते खरंच.

पण आता हिशेब बघणाऱ्या दादांचं पान बंद पडलं. त्यांना मूळ टेबलांवर काहीच अधिकार नाही, मुद्दाम दिलेला नव्हता. ते 'केस_खर्च' व्ह्यूमधून तारीख, केंद्र आणि खर्च एवढंच बघतात. मी घाईने त्या व्ह्यूलाही इन्व्होकर लावलं आणि त्यांना 'परमिशन डिनाइड' यायला लागलं. मग टेस्ट सर्व्हरवर त्यांना त्या तीन कॉलमचा सिलेक्ट दिला, तर एरर गेला पण यादी रिकामी येते.

प्रतिसाद १:

यादी रिकामी येते कारण टेबलावर रो लेव्हल सिक्युरिटी चालू आहे आणि हिशेबाच्या रोलसाठी एकही ओळ मोकळी करणारी पॉलिसी नाही. पॉलिसी नाही म्हणजे शून्य ओळी, आणि त्याचा एररही येत नाही. म्हणून लोक तासन्‌तास भलतीकडे शोधत बसतात.

'केस_खर्च'ला इन्व्होकर नकोच. इथे ओनरच्या अधिकाराने वाचणं हेच तर हवं आहे, फक्त तो ओनर सुपरयूजर नको. लॉगिन नसलेला एक रोल बनवा, 'हिशेब_मालक' म्हणा. त्याला 'केसेस'च्या त्या तीनच कॉलमचा सिलेक्ट द्या, त्याच्यापुरती सगळ्या ओळींची पॉलिसी लिहा आणि व्ह्यूची मालकी त्याच्याकडे द्या. दादांना फक्त व्ह्यू. पुढे कोणी चुकून त्या व्ह्यूत पत्त्याचा कॉलम घातला तरी ओनरलाच तो अधिकार नसल्याने वाचता येणार नाही.

पॉलिसी लिहिताना 'टू' लिहून रोलचं नाव द्यायला विसरू नका. ते सुटलं तर पॉलिसी सर्वांना लागू होते, आणि साध्या पॉलिसी एकमेकींना 'किंवा'ने जोडल्या जातात. सगळ्या ओळींची ती एक पॉलिसी समुपदेशकांनाही लागली तर पुन्हा २०७.

कोणी काय पाहिलं त्याबद्दल: पोस्टग्रेस मुळात सिलेक्टची नोंद ठेवत नाही, लॉग स्टेटमेंट 'नन'वर असतं. मागचं डेटाबेसमधून मिळणार नाही. शोधाच्या पानाचे वेब सर्व्हर लॉग जपून ठेवा, तेवढाच पुरावा आहे. पुढच्यासाठी पीजीऑडिट एक्स्टेंशन लावा. त्यात ठरावीक टेबलांच्या वाचनाचीच नोंद ठेवता येते, लॉग फुगत नाही.

प्रतिसाद ३:

धागा वाचताना एक शंका आली. 'व्यक्ती' टेबलात मोबाईल नंबर युनिक आहे का?

धागाकर्ती:

हो, एकाच बाईंची दोनदा नोंद होऊ नये म्हणून. का?

प्रतिसाद ३:

युनिक, प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) आणि फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी दुवा) यांची तपासणी रो लेव्हल सिक्युरिटीला ओलांडून होते. तशीच व्हायला हवी, नाहीतर डेटाची शिस्त राहणार नाही. पण तुमच्याकडे याचा अर्थ असा की कोणत्याही केंद्रात बसून एखादा नंबर नवीन नोंद म्हणून टाकला आणि 'हा नंबर आधीच आहे' असं आलं, तर ती बाई दुसऱ्या कुठल्यातरी केंद्रात येऊन गेली हे कळलं. पत्ता कळला नाही, पण मदत मागितली हे कळलं. तिच्या नातेवाइकांपैकी कोणी कार्यालयात ओळखीचं असेल तर तेवढं पुरतं.

युनिक केंद्र आणि मोबाईल या जोडीवर ठेवा. दोन केंद्रांत एकाच बाईंची नोंद झाली तर ती जुळवायचं काम मुख्य कार्यालयातल्या एकाच जबाबदार व्यक्तीकडे द्या.

धागाकर्ती:

हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. टेस्ट सर्व्हरवर करून पाहिलं, अगदी तसंच होतं: पाचव्या केंद्राच्या लॉगिनने पहिल्या केंद्रातला नंबर टाकला आणि एरर आला.

आज दिवसभरात झालं ते लिहिते. युनिक जोडीवर नेला. 'हिशेब_मालक' रोल केला, दादांचं पान चालू झालं. सगळ्या व्ह्यूंचे ओनर तपासले. सुपरयूजरच्या नावावर आणखी तीन सापडले, त्यातला एक कोणी वापरतच नव्हतं, तो काढून टाकला. मटेरियलाइज्ड एकही नाही. अहवालाची वेगळी स्कीमा पुढच्या आठवड्यात.

वेब सर्व्हरचे लॉग ९० दिवसांचे मिळाले. त्यातला शोधाच्या पानाचा भाग चाळून आपल्या केंद्राबाहेरच्या नोंदी उघडल्या गेल्या असे १४ प्रसंग काढले आहेत. प्रत्येक केंद्राच्या प्रमुखांशी मी उद्या स्वतः बोलणार आहे, आणि ज्या बाईंचा पत्ता दिसला त्यांच्या समुपदेशक त्यांना आजच भेटून आल्या. त्यांनी जागा बदलायची म्हटली तर संस्था सोय करेल असं ठरलं आहे.