धनादेशावरील रकमेत फेरफार होऊ नये म्हणून काय करावे?

प्रश्न (शाहूपुरी, कोल्हापूर): आमच्या गुळाच्या पेढीवरून पाच हजारांचा धनादेश दिला होता, अक्षरांआधी मोकळी जागा राहिल्याने कोणीतरी ‘एक लाख’ आणि आकड्यात ‘१,०’ घुसडले. बँकेने वेळीच विचारल्यामुळे निभावले. पुढे काय काळजी घ्यावी?

उत्तर १: रक्कम रुपयाच्या चिन्हाला खेटूनच सुरू करावी, शेवटी ‘फक्त’ लिहून उरलेल्या जागेत रेघ ओढावी आणि पुसता येणारी शाई टाळावी. पेन स्वतःचेच वापरावे, समोरच्याने पुढे केलेले नव्हे.

उत्तर २: ५०,००० रुपये आणि त्यावरील धनादेशांसाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ‘पॉझिटिव्ह पे’ सुरू केले आहे, त्यात दिनांक, घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम बँकेला आधीच कळवायची असते, आणि वठवताना तपशील जुळला नाही तर तफावत लगेच ध्यानात येते. तुमच्या प्रकरणात मूळ रक्कम लहान असली, तरी बदललेली रक्कम या मर्यादेत आली असती, म्हणून नोंदच नसलेला मोठा धनादेश बँकेला खटकायला हवा.

उत्तर ३: खाडाखोड झाल्यास सही करून दुरुस्त करण्याऐवजी नवा धनादेश लिहावा. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या (धनादेश, हुंडी यांविषयीचा कायदा) कलम ८७ नुसार संमतीविना केलेला महत्त्वाचा बदल धनादेश निष्प्रभ करतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, मुनीमजींना आजच सांगतो.