जर्मनीत नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचे पहिले सहा आठवडे : कोणतं काम आधी?

पाऊलवाट :
आखेनमध्ये ऑक्टोबरच्या सत्राला येणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी आम्ही काही जण एक पत्रक तयार करतोय. विद्यापीठांच्या याद्या आहेतच, पण त्यांत सगळी कामं सारख्याच वजनाची वाटतात. कुठलं काम अडलं की पुढची किती अडतात, ते त्यातून कळत नाही. निघण्याआधी घरीच काय नीट करून घ्यायला सांगावं? उतरल्यावर पहिलं काम कुठलं? आणि पहिल्या सत्रात अभ्यासात नेमकं कुठे चुकतं? एपीएस (आपल्या पदवी-गुणपत्रिकांची जर्मन पडताळणी) आणि व्हिसा झालाय असं धरून सांगा.

दीपस्तंभ :
सगळ्याचं मूळ पत्त्यात आहे. पत्रकात पहिल्या ओळीत तेच लिहा.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करायची, तिला आनमेल्डुंग म्हणतात. सोबत पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाने सही केलेलं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे तुम्ही त्या घरात राहायला आलात असं पत्र, लागतं. हे पत्र वेगळं असतं, नुसत्या भाडेकरारावर काम होत नाही. स्वस्तात खोली देणारे पुष्कळ जण पैसे घेतात आणि हे पत्र द्यायला मात्र तयार नसतात. म्हणून खोली ठरवताना भाड्याच्याही आधी विचारायचं, ‘इथे आनमेल्डुंग होईल का?’ उत्तर गोलमोल आलं तर ती खोली सोडा.

नोंदीची वेळ भारतातूनच ऑनलाइन घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विद्यापीठांच्या शहरांत तारखा भराभर संपतात. रद्द झालेल्या वेळा बऱ्याच ठिकाणी सकाळी लवकर पुन्हा दिसू लागतात, तेव्हा बघत राहायचं. दोन आठवड्यांच्या पुढची तारीख मिळाली तर तिची पोचपावती जपून ठेवा. अर्जात धर्माचा रकाना असतो. चर्चचे सभासद नसाल तर तिथे काही नाही असंच लिहा, कारण त्या नोंदीवरून पुढे पगारातून चर्च-कर कापला जातो.

नोंदीचा कागद हातात आला की बँकेचं चालू खातं, मग त्या खात्याचा नंबर देऊन श्पेरकोंटो सुरू करणं. श्पेरकोंटो म्हणजे व्हिसासाठी अडकवून ठेवलेले पैसे, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो. त्यातून महिन्याला ९९२ च सुटतात, आणि तेही ही साखळी पूर्ण झाल्यावर. इथेच मुलं पैशांअभावी अडकतात. पहिलं भाडं, अनामत आणि सत्राची फी ही तिन्ही त्याआधीच द्यावी लागतात. अनामत मूळ भाड्याच्या (हीटिंग-पाण्यासारखे खर्च सोडून) तीन पटींपर्यंत असू शकते. मूळ भाडं ३५० असेल तर १,०५० पर्यंत. कायद्याने ती तीन मासिक हप्त्यांत देता येते, हे मुलांना माहीत नसतं आणि मालक आपणहून सांगत नाहीत. श्पेरकोंटोशिवाय दीड ते दोन हजार युरो फॉरेक्स कार्डावर असू द्या, थोडे रोख.

आता एक साधी गोष्ट, पण तिच्यापायी महिना वाया जातो. टपालपेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, कर-क्रमांक, सगळं टपालानेच येतं. पहिल्या दिवशी कागदावर आडनाव लिहून पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर चिकटवा. दुसऱ्याच्या घरात राहत असाल तर पत्त्यात सी/ओ लिहून त्या माणसाचं नाव घाला. कर-क्रमांक नोंदीनंतर काही आठवड्यांत आपोआप येतो. तो नोकरी देणाऱ्याला दिला नाही तर पगारावर सर्वांत जड कर-वर्ग लागतो आणि कापलेले पैसे नंतर मागत बसावं लागतं.

आरोग्यविम्याचं काम यात गुंतवू नका, ते भारतातूनच होतं. सरकारी चौकटीतल्या विमासंस्थेचा विद्यार्थीदर वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत मिळतो. संस्था निवडली की ती विद्यापीठाला थेट संगणकावर कळवते, त्या संदेशाला एम-१० म्हणतात. तो पोचल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. थोडे युरो वाचवायला खासगी विमा घेणाऱ्यांना हात धरून थांबवा. त्यासाठी सरकारी विम्यातून एकदा सूट घेतली की त्या शिक्षणात तिथे परतता येत नाही. ऑक्टोबरच्या आधी उतरणार असाल तर मधल्या दिवसांपुरता प्रवासविमा लागतो.

कोथिंबीर :
दीपस्तंभ यांच्या टपालपेटीला +१. मी निघण्याआधीचं सांगते.

पहिलं नाव. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि पुष्कळदा आईचंही. पासपोर्टवर मात्र आडनावाचा रकाना वेगळा आणि ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं व वडिलांचं नाव एकत्र. प्रवेशअर्ज गुणपत्रिका बघून भरला की आडनाव उलटंपालटं होतं, आणि मग बँकेच्या व्हिडिओ-ओळखीत आणि विम्यात नाव जुळत नाही. सगळे अर्ज पासपोर्ट समोर ठेवून भरा, अक्षरन् अक्षर तसंच. जर्मन कार्यालय वडिलांचं नावही तुमचंच दुसरं नाव धरतं. ते बदलायला जाऊ नका, सगळीकडे एकच ठेवा.

दुसरं सामान. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप, खवा, पेढे, पनीर, सुकं मटण सगळं बाद, कितीही नीट बांधलं तरी. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांना रोग नसल्याचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा आंबे आणि कढीपत्त्याच्या काड्याही घरीच राहू द्या. गोडा मसाला, तिखट, चकल्या, तेलातलं लोणचं चालतं. लोणच्याला दोन पिशव्यांत बांधा. तुपासाठी काळजी नको. इथल्या दुकानात बिनमिठाचं लोणी स्वस्त मिळतं, कढवलं की तूप.

कुकर तीन लिटरचा, सपाट आणि इंडक्शनच्या बुडाचा घ्या. गोल बुडाचा काचेच्या शेगडीवर तापत नाही. जास्तीची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व आणा. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट, त्यामुळे मिक्सर चालतो. फक्त आपली तीन पायांची पिन बसत नाही, आणि साधा अडॅप्टर घेतला तर अर्थिंग जोडलं जात नाही. मिक्सरसाठी अर्थिंगचा घ्या.

मूळ पदवी आणि गुणपत्रिका हातातल्या बॅगेत. सामान हरवलं तरी प्रवेश थांबू नये.

आठ_पंचेचाळीस :
अभ्यासाचं लिहितो, कारण कागदपत्रांच्या धावपळीत हेच मागे पडतं.

इथे बऱ्याच विषयांत शेवटची एक परीक्षा आणि तिच्यावरच पूर्ण निकाल. अंतर्गत गुण नाहीत, हजेरीची सक्ती बहुतेक ठिकाणी नाही, कोणी विचारणार नाही. डिसेंबरपर्यंत सगळं निवांत वाटतं आणि फेब्रुवारीत पाच परीक्षा एकदम येतात. एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं, सत्राचे ३० क्रेडिट. हिशेब मुलांसमोर मांडा. सहा क्रेडिटचा विषय म्हणजे किमान दीडशे तास, त्यातले वर्गातले जेमतेम साठ.

विषयाला नाव घालणं वेगळं आणि परीक्षेला नाव घालणं वेगळं. परीक्षेची नोंदणी स्वतंत्र असते, तिची मुदत गेली की त्या सत्रात बसता येत नाही. नाव घातलं आणि मुदतीत मागे घेतलं नाही, तर गैरहजर म्हणजे नापास. बहुतेक विद्यापीठांत एका परीक्षेला तीनच संधी. आवश्यक विषयात तिन्ही गेल्या की त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही पुढे चालवता येत नाही. तयारी नसताना ‘बसून बघू’ हे इथे चालत नाही, हे आपल्याकडच्या केटीच्या सवयीमुळे पटायला वेळ लागतो. आपापल्या अभ्यासक्रमाचं परीक्षानियमांचं पुस्तक ऑक्टोबरातच वाचायला लावा.

वेळापत्रकात १० सी.टी. लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, १० एस.टी. असेल तर बरोबर दहाला. श्रेणी १.० सर्वांत चांगली, ४.० काठावर पास, ५.० नापास.

नोकरीचं : मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. विद्यापीठातलं सहायकाचं काम यात मोजत नाहीत, म्हणून आधी तेच शोधा. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करायला मात्र वेगळी परवानगी लागते. डिलिव्हरीचं काम घेताना करार पगारी नोकराचा आहे ना, ते बघूनच सही.

दीपस्तंभ :
घराबद्दल राहिलेलं. रेडिओ-टीव्हीचं शुल्क महिना १८.३६ युरो, एका घराला एकच. टीव्ही नसला तरी द्यावं लागतं, आणि पत्राकडे दुर्लक्ष केलं तर थकबाकी साचते. सामायिक घरात एकाने भरून बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा हाफ्टफ्लिख्ट विमा वर्षाला साधारण पन्नास युरोत मिळतो. त्यात किल्ली हरवण्याची जबाबदारी आहे ना, ते विचारा. वसतिगृहाची किल्ली हरवली की कधीकधी अख्ख्या इमारतीची कुलपं बदलावी लागतात.

फोडणी देताना खिडकी उघडा आणि कॉरिडॉरकडचं दार बंद ठेवा. धूर बाहेर जावा म्हणून दार उघडलं की कॉरिडॉरमधला धुराचा गजर वाजतो, आणि काही इमारतींत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. थंडीत दिवसातून दोन-तीनदा खिडकी पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायची. नुसती कलती ठेवून खोलीत कपडे वाळवले की भिंतीला बुरशी येते आणि अनामतीतून पैसे जातात.

नोव्हेंबरपासून साडेचार-पाचला अंधार पडतो. श्टुडीरेंडनवेर्क या विद्यार्थी-सेवा संस्थांकडे मानसिक समुपदेशन मोफत मिळतं. तिथली वेळ कशी घ्यायची ते पत्रकात लिहा, आणि ते दवाखान्याच्या माहितीशेजारीच छापा. तातडीला ११२, रात्री-सुट्टीला डॉक्टर हवा असेल तर ११६११७.

पाऊलवाट :
खूप उपयोगी. एक अडचण उरते. काही मुलं खोली न मिळताच येतात आणि होस्टेलवर (वसतिगृह नव्हे, प्रवाशांच्या स्वस्त निवासात) उतरतात. त्यांनी काय करायचं?

कोथिंबीर :
होस्टेलचा पत्ता सहसा नोंदवता येत नाही, कारण मालक ते पत्र देत नाही. दोन-तीन महिन्यांची झ्विशनमीटे, म्हणजे मूळ भाडेकरूची खोली तात्पुरती घेणं, शोधायला सांगा, नोंद होईल या अटीवर. खोली स्वतः किंवा ओळखीच्या कुणी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही. ‘मी परदेशात आहे, किल्ली टपालाने पाठवतो’ म्हणणारा फसवतोच. तोवर विद्यापीठातला प्रवेश आणि विमा थांबत नाहीत, ओळखीच्या घराचा सी/ओ पत्ता देऊन ते उरकून घ्या.

फक्त व्हिसाच्या शेवटच्या तारखेवर लक्ष ठेवा. निवास परवान्याचा अर्ज ती तारीख उलटायच्या आत परदेशी नागरिक कार्यालयात पोचला पाहिजे, भेटीची वेळ नंतरची असली तरी. अर्ज पोचल्याची पावती छापून पासपोर्टात ठेवा.